दुपारी दोनची गर्दी

लाल झेंडा, बांबूच्या काठीला बांधलेला.

पोह्यांवरची तर्री.

बँकेचा मेसेज: फंडाची रक्कम जमा.

भोंगा. मग जमीन हादरते, मग धूळ.

हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याचं, वणीजवळच्या कोळसा खाणीतून नुकत्याच रिटायर झालेल्या बळीरामच्या. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी तो झेंडा घेऊन चंद्रपूर रोडवर उभा राहायचा आणि गाड्या थांबवायचा. रोज दुपारी दोनला. समोर भगवानरावांचं हॉटेल. बाकड्यांवर जागा नसायची, लोक उभ्यानं पोहे खायचे. सुरुंग उडाले की खाणीची जीप बळीरामला लगेच घेऊन जायची. वर्षानुवर्षं हेच. ते हॉटेल त्याच्या डोळ्यांत भरून बसलं होतं.

म्हणून भगवानरावांनी ते विकायला काढलं, तेव्हा बळीरामनं फंड उचलला आणि सगळाच्या सगळा त्यांच्या हातावर ठेवला.

पहिल्या दिवशी सकाळी कोणीच आलं नाही.

“दोन वाजू दे,” तो बायकोला म्हणाला. “मंग तुले श्वास घ्यायले फुरसत नाही भेटणार.”

कौसल्या तर्री ढवळत राहिली. “मले तं आत्ताच श्वास घेता येऊन नाही राह्यला.”

दोन वाजले. भोंगा झाला, पण दुरून, खाणीच्या पलीकडच्या अंगाला. जमीन हलली नाही. ट्रक एकामागून एक निघून गेले.

शेवटी शंकरसिंग ड्रायव्हर पाणी भरायला उतरला. जुनी ओळख.

“काहून कोणी थांबत नाही, शंकरसिंग?”

“तुम्ही रिटायर झाल्यावर सुरुंग तिकडं लावून राह्यले ना भाऊ. इकडचा कोळसा खतम.” त्यानं कॅनचं झाकण लावलं. “अन् तुम्हीच रस्ता अडवत होते, म्हणून खात होतो. नाहीतर हे पोहे कोण खाते?”

तो हसला. मग बळीरामचा चेहरा पाहून त्यानं नको असताना चहा सांगितला.

तो गेल्यावर बळीराम रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. पुढचा ट्रक दिसला तसा त्याचा हात आपोआप वर गेला. ट्रकनं हॉर्न दिला, वेग कमी केला नाही. कौसल्येनं मागून त्याचा शर्ट धरून ओढलं.

“आत या,” ती म्हणाली. “आपल्यापाशी आता दुसरं काही नाही.”

सौदा होण्याआधी बळीराम त्या हॉटेलात एकदाही बसला नव्हता.