बनुबाईने उतरवलेला विमा

मी एक जुनी निळी मोटार आहे. मित्रांनो, माझ्या नंबरच्या पाटीवर अजून तमिळनाडूची अक्षरं आहेत, म्हणून गावातली मुलं मला मद्राशीण म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. माहेरच्या नावाने हाक मारली की कोणाला राग येतो? आता मी चालत नाही. वडूजजवळच्या एका गावात, घराच्या मागल्या अंगाला शेवग्याच्या झाडाखाली उभी असते. माझं तोंड चेपलेलं आहे आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते.

पण मी काही जन्मापासून अशी नव्हते. सेलम शहरातल्या मुरुगेसन सरांनी मला कोरी करकरीत विकत घेतली होती. सर शाळेत गणित शिकवायचे. दर शुक्रवारी मला धुऊन माझ्या कपाळाला भस्म लावायचे आणि आतल्या आरशाला मोगऱ्याची माळ अडकवायचे. त्यांच्या घरात राहून मी तमिळ शिकले. पुढे त्यांची दृष्टी कमी झाली, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं बजावलं, आणि मला गिऱ्हाईक शोधणं सुरू झालं.

तेव्हा नाथाजी आला. तुमच्यापैकी ज्यांचं गाव खटाव, खानापूर, आटपाडीकडे आहे त्यांना गलाईवाले ठाऊक असतील. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं म्हणजे गलाई. त्या भागातली माणसं या कामासाठी देशभर पांगली आहेत. नाथाजी त्यातलाच. सेलमला येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. तमिळ त्याला भाजी घेण्यापुरतं यायचं आणि सरांना हिंदी अजिबात येत नव्हतं. दोघेही सज्जन, दोघेही सारखे हसायचे, आणि मधे मी उभी.

किल्ली हातात देताना सरांनी त्याला एक गोष्ट परत परत सांगितली. "ट्रान्स्फर. सीक्रम, ट्रान्स्फर." सीक्रम म्हणजे लवकर. गाडी लवकर आपल्या नावावर करून घे, असं ते सांगत होते. पण आपल्याकडे मास्तरांची ट्रान्स्फर म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. नाथाजीला वाटलं, सरांची बदली होणार आहे, म्हणून बिचारे गाडी विकतायत. त्याने त्यांचे दोन्ही हात धरले आणि चांगलं गाव मिळू दे म्हणाला. सरांनी त्यांच्या पद्धतीने मान डोलावली. त्यांना वाटलं, याला समजलं. पुढे थोड्याच दिवसांत सर मुलाकडे चेन्नईला राहायला गेले, तेव्हा तर नाथाजीची खात्रीच पटली.

मला तेव्हाच कळलं होतं. पण आम्हा मोटारींना हॉर्नपलीकडे वाचा नाही.

असा मी एका माणसाच्या नावावर आणि दुसऱ्याच्या दारात संसार केला. विम्याचंही तसंच झालं. नाथाजी विमा कधी चुकवायचा नाही. एजंटला फोनवर माझा नंबर सांगायचा, पैसे भरायचा, आणि आलेला कागद माझ्या कप्प्यात ठेवून वरून थोपटायचा. कागदावर इंग्रजीत मुरुगेसन सरांचं नाव असायचं. विमा गाडीचा असतो, गाडी आपल्याकडे आहे, मग झालं तर, असं त्याचं सरळ गणित होतं. रस्त्यात पोलीस कागद बघायचे तेही नंबर आणि तारीख बघून परत द्यायचे.

दर वर्षी माघात आम्ही यात्रेला गावी यायचो. मित्रांनो, ती जत्रा मोटारींचीसुद्धा असते. देवळामागच्या माळावर केरळची, आंध्रची, बंगालची, कुठली कुठली गाडी उभी असते. माणसांची आडनावं मागे पडतात आणि 'सेलमचा नाथाजी', 'कटकचा आकाराम' अशी नावं पडतात. मी पहिल्यांदा आले तेव्हा भाषा कळेना, पाणी वेगळं, धूळ तर नाकातोंडात. परमुलखात नवं असणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. सेलममध्ये नाथाजी असाच बावरला असेल, असं मनात आलं आणि मला तो जवळचा वाटू लागला.

त्याच दिवशी ती गोष्ट घडली. नाथाजीच्या धाकट्या भावाने, दिग्विजयने, माझ्याभोवती फिरून सगळं निरखलं आणि विचारलं, "दादा, विमा उतरिवला का गाडीचा?"

नाथाजी म्हणाला, "व्हय, उतरिवलाय की."

त्यांची आई बनुबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. लांबून आलेल्या माणसावरून तुकडा उतरून टाकल्याशिवाय ती कोणाला घरात घ्यायची नाही. ती म्हणाली, "कवा उतरिवलास? मी अजून भायेर आलेच न्हाई."

सगळे पोट धरून हसले. बनुबाईही हसली, का ते न कळता. मग तिने तुकडा नाथाजीवरून उतरवला, माझ्यावरून उतरवला, लांब नेऊन टाकला आणि म्हणाली, "आता उतरिवला."

तिला कोणी समजावून सांगितलं नाही. सांगायचं काय, इतका गोड विनोद होता तो. पुढे घराचा तो रिवाजच झाला. निघायच्या वेळी नाथाजी काचेतून डोकं बाहेर काढून म्हणायचा, "आई, इमा उतरिव." ती तुकडा उतरवायची आणि मगच आम्ही निघायचो. माझ्या कप्प्यात एक विमा होता आणि बनुबाईच्या हातात एक. मला विचाराल, तर मी तिच्याच विम्याच्या जोरावर घाट उतरत होते.

आणि मग ती यात्रा आली. यात्रा झाली, पाहुणे पांगले. नाथाजीची बायको अंकिता मुलीला घेऊन आणखी काही दिवस सासूपाशी राहणार होती. नाथाजी दुपारी जेवून निघणार होता. पण सकाळीच सेलमहून फोन आला, दुकानात माल येऊन पडला होता, आणि त्याची गडबड उडाली. बनुबाई चुलीपुढे त्याच्या शिदोरीच्या भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातानेच उठली.

"थांब रं जरा, तुकडा उतरिवते."

"ऱ्हाऊ दे आई, लय उशीर झालाय. कागदावर हाय की इमा."

त्याने मला सुरू केलं. वळणावर माझ्या आरशात ती मला दिसली. हातात भाकरीचा तुकडा घेऊन ती पळत आली होती आणि रस्त्याच्या मधोमध थांबली होती. नाथाजीचं लक्ष पुढे होतं.

उंब्रजच्या अलीकडे एक कुत्रं आडवं आलं. त्याने कुत्र्याला वाचवलं. मला वडाच्या झाडापासून वाचवणं त्याच्या हातात राहिलं नाही. मी माझं सगळं लोखंड पुढे केलं, मित्रांनो, पण ते पुरलं नाही. नाथाजी तिथेच गेला.

मला ओढून घरी आणलं. दिवसकार्य झाल्यावर दिग्विजयने माझ्या कप्प्यातला कागद काढला. त्या विम्यात, गाडी चालवताना मालकाचं बरंवाईट झालं तर घरच्यांना आधार मिळण्याची सोय होती. त्या आधारावर अंकिता सेलमचं दुकान चालू ठेवणार होती, मुलीची शाळा तिथेच होती. दिग्विजयने विमा कंपनीत पुष्कळ खेटे घातले. एके दिवशी दुपारी तो हात हलवत परत आला. कागदावर मालक मुरुगेसन सर होते, नाथाजी नव्हता, म्हणून घरच्यांना काही मिळणार नव्हतं.

अंकिताने सेलमला फोन करून नंबर मिळवला आणि चेन्नईला मुरुगेसन सरांना गाठलं. तिला तमिळ चांगलं यायचं. सर ढसाढसा रडले. मी त्याला सांगितलं होतं गं, ट्रान्स्फर कर म्हणून, एवढंच ते म्हणत राहिले. अंकिता फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली. दुकान गेलं, हे तिला कळलं होतं.

बनुबाईने काय झालं म्हणून विचारलं. दिग्विजय दमलेला होता. तो म्हणाला, "काय न्हाई आई. दादाच्या नावानं इमा उतरिवलाच नव्हता."

बनुबाई हळूच म्हणाली, "व्हय रं. म्याच उतरिवला न्हाई. तुकडा माझ्या हातातच ऱ्हायला."

या वेळी कोणी हसलं नाही. दिग्विजय म्हणाला, "आई, तसं न्हवं गं," पण तेवढ्यावरच तो उठून बाहेर गेला. नंतर सांगू, असं त्याला वाटलं असेल. ते नंतर अजून आलेलं नाही. अंकिता आता वडूजला शिवणकाम करते, तिची मुलगी इथल्या शाळेत जाते, आणि घरात विम्याचा शब्द कोणी काढत नाही.

परवा पुन्हा यात्रा झाली. माळ गाड्यांनी भरला. बनुबाई टोपलीत भाकरीचे तुकडे घेऊन गेली आणि निघणाऱ्या एकेका गाडीवरून तुकडा उतरवत राहिली, ओळखीच्या आणि बिनओळखीच्याही. ड्रायव्हर खाली मान घालून थांबायचे. कोणी हॉर्न वाजवला नाही. सगळ्या गाड्या गेल्यावर ती शेवग्याखाली माझ्याकडे आली, राहिलेला तुकडा माझ्या चेपलेल्या तोंडावरून उतरवला आणि माझ्या दारावर डोकं टेकून उभी राहिली. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी जुनी गाडी आली, तर वडिलांना सांगा की आधी ती आपल्या नावावर करा, विम्यावरही आपलं नाव घाला. परक्या मुलखात कोणी दोनदा एकच शब्द सांगत असेल, तर मान डोलावू नका, त्याचा अर्थ विचारा. आणि आपल्या घरातलं म्हातारं माणूस एखादा शब्द चुकून भलताच समजलं, तर खुशाल हसा, पण हसून झाल्यावर त्याच्याजवळ बसून तो समजावून सांगा.

मला दोन भाषा येतात आणि बोलता एकही येत नाही. म्हणून हे काम तुमच्यावर टाकते. कधी वडूजकडे आलात, तर निळ्या मोटारीचं घर विचारा, कोणीही दाखवेल. बनुबाईजवळ बसा आणि तिला सांगा की तो विमा कागदावर उतरवतात, तो तुकड्याने उतरत नाही. तिला सांगा, आजी, तुमचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही तर पळत आला होतात, गाडीने आरशात पाहिलं होतं.