रांजणाची तिसरी पट्टी

शारजाहून आलेलं ते हिरवं धूड चार माणसांनी धापा टाकत टेम्पोतून उतरवलं, पडवीत ठेवलं, आणि नूरबानोने त्याला तिथल्या तिथे नाव देऊन टाकलं, रांजण. कंपनीने त्याचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण रोह्याच्या त्या मोहल्ल्यात ते कुणाच्या जिभेवर बसणार? बुटकं, गोल, पोट सुटलेलं, चिनी मातीचं आणि बोटभर जाड. वर बिजागरीचं झाकण, खाली हवेला छोटी खिडकी. आत कोळसे पेटवायचे, वर जाळी ठेवायची, झाकण लावायचं आणि मांस दोन-तीन तास आपल्या चालीने भाजू द्यायचं. तिचा मुलगा नावेद शारजाच्या एका हॉटेलात अकरा वर्षं हेच करत आला होता.

"अम्मी, हा पोचला म्हणजे मीच पोचलो समज," तो फोनवर म्हणाला होता. "जानेवारीत येतो तो कायमचा." खांब गावाजवळ हायवेवर फैजलने गाळा बघून ठेवला होता. फैजल म्हणजे नूरबानोच्या भावाचा मुलगा. धाटावच्या कारखान्यातली शिफ्टची नोकरी सोडून तो नावेदची वाट बघत बसला होता आणि 'बारमाही पोपटी' असा बोर्डही रंगवून मोकळा झाला होता. पोपटी आपली थंडीतली, शेताच्या बांधावर शेंगा-कोंबडी भरलेलं मडकं उपडं घालून भाजलेली. ती जून-जुलैत हायवेवर मिळाली तर गाड्या थांबतीलच, यात त्याला शंका नव्हती. नूरबानोला गाड्यांचं काही नव्हतं. तिला मुलगा आणि सून अरीबा घरात हवे होते, नात सफा दारात खेळायला हवी होती. या रांजणाने ते होणार असेल तर तिने तो रोज पुसून ठेवला असता, आणि पुसतही होती.

"मी येईस्तोवर पेटवू नका," असंही नावेद म्हणाला होता. तेवढं मात्र तिने ऐकलं नाही.

डिसेंबर संपता संपता बाजारात वालाच्या भरल्या शेंगा आल्या आणि तिला राहवेना. मुलगा आला की त्याच्या हाताखाली काम करायचं, मग आधी हात बसवायला नको? तिने भांबुर्ड्याचा पाला आणला, कोंबडीला मसाला लावला, शेंगा, अंडी, सगळं नीट रचलं आणि रांजण पेटवला. पोपटी अशी झाली की नवरा अब्बास, जो तिच्या स्वयंपाकाला पस्तीस वर्षांत "बरं हाय" यापलीकडे गेला नव्हता, तो बोटं चाटत बसला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग तिने आत वाकून बघितलं. तळाशी लालबुंद कोळसे होते, चांगले टोपलीभर. नूरबानो नागोठण्याची. तिच्या माहेरी चुलीतले कोळसे जळून राख होऊ देणाऱ्या बाईला उधळी म्हणत. कोळसा विझवायचा, वाळवायचा, उद्याला ठेवायचा, हे तिचे हात डोक्याला न विचारता करत. तिने तांब्याभर पाणी घेतलं आणि ओतलं.

वाफेचा लोट उठला आणि आतून एकच टण्ण असा आवाज आला. वाफ निवली तेव्हा रांजणाच्या काठापासून खालच्या खिडकीपर्यंत वीतभर भेग गेलेली होती.

"काय केलंस गो हे," अब्बास म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला.

नावेदला यायला बावीस दिवस होते. ते कसे गेले ते तिचं तिला माहीत. फोन आला की "रांजण कसा हाय?" हा प्रश्न येणार म्हणून ती आधीच सफाचं काहीतरी विचारून बोलणं वळवायची. पहिल्यांदा तिने चूल लिंपतात तशी माती आणि राख कालवून भेग बुजवली. वाळल्यावर ती पोपडा धरून गळून पडली. मग अब्बासने एम-सीलच्या चार पुड्या आणल्या. भरल्यावर दगडासारखं घट्ट झालं म्हणून दोघं खूश झाली, पण मूठभर कोळसे पेटवून पाहिले तर असा वास सुटला की शेजारची रोहिणी काय जळतंय म्हणून धावत आली. एम-सील फुगून बाहेर आलं होतं. नूरबानोने हात टेकले.

"दत्तूला विचारू," अब्बास म्हणाला.

अब्बासचा टेम्पो होता तेव्हा तो दर वर्षी पेणच्या मूर्तींच्या कारखान्यातून गणपती भरून रोह्या-माणगावला पोचवायचा, गवतात असे निजवून की एकाही मूर्तीच्या सोंडेला कधी धक्का लागला नाही. दत्तात्रेय त्याच कारखान्यातला. मोडलेलं जोडणं हे त्याचं काम. कान तुटो, बोट तुटो, त्याचा हात फिरला की जिथे मोडलं ते घडवणाऱ्यालाही सापडायचं नाही. तो एका सकाळी पेणहून एसटीने आला, रांजणाभोवती फिरला, नखाने टकटक केलं आणि चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "भाभी, आमचं काम पाण्यात जायचं. ह्ये आगीत जायचं. माझी माती हितं नाय चालायची."

नूरबानोच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने लपवलं नाही. "पोरगा ह्याच्यासाठी येतोय, दत्तूभाऊ. ह्यो नसला तर तो काय म्हणून ऱ्हाईल? परत जाईल. मग आम्ही हाय न् ही पडवी हाय."

दत्तात्रेयाने कप खाली ठेवला. त्याचा जावई धाटावला बॉयलरवर होता. बॉयलरच्या विटा जोडतात ते आगीचं सिमेंट त्याने दोन दिवसांत मिळवलं. मग एक अख्खा दिवस तो पडवीत मांडी घालून बसला. एम-सीलचा कण न् कण त्याने खरवडून काढला. करवतीच्या पात्याने भेग थोडी मोकळी केली, कारण नुसतं वरून थापलेलं टिकत नाही. कडा ओल्या केल्या आणि मूर्तीच्या पापण्या कोरायच्या बारीक पट्टीने सिमेंट आतपर्यंत दाबत नेलं. नूरबानो शेजारी ओलं फडकं धरून बसली होती आणि त्याच्या हाताबरोबर तिचा श्वास वरखाली होत होता. शेवटी त्याने पोटाभोवती लोखंडी पट्टी घालून नट आवळला. काठाला आणि झाकणाला कंपनीच्या दोन पट्ट्या होत्याच, त्यांच्याखाली ही तिसरी बसली. पाच दिवस सावलीत वाळू दिलं. मग पहिल्या दिवशी चार कोळसे, दुसऱ्या दिवशी आठ, असं वाढवत वाढवत रांजण तापवला. भेगेतून धुराची रेघही आली नाही.

"आता रंग," नूरबानो म्हणाली. "दिसता कामा नाय."

इथे दत्तात्रेय अडला. उभा जन्म भेगा झाकण्यात गेलेला माणूस, पण या वेळी त्याने मान हलवली. "मूर्तीची भेग झाकायची, कारण भंगलेली मूर्त कोण पुजत नाय. हितं माणूस जवळ उभा ऱ्हाणार, भाभी. उद्या जोरात आच लागली न् ह्ये उघडायला लागलं, तर त्याला आधी दिसायला पायजे. झाकलं तर कसं दिसेल?"

"रंगव तू. मी सांगते त्याला."

"पैल्यांदा पेटवायच्या आधी सांगायचं. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

तिने घेतली. त्याने तापाला टिकणारा रंग घोटून असा हिरवा जमवला की दुसऱ्या दिवशी तिलाच जागा शोधावी लागली. पट्टीही कंपनीच्या पट्ट्यांसारखी काळी केली. जाताना तो काही नेहमीसारखा खुशीत नव्हता.

नावेद आला तो एकटाच, एक बॅग घेऊन. सफाची शाळा मार्चपर्यंत, मग त्या दोघी येतील, म्हणाला. नूरबानोला ते पटलं. आल्या आल्या तो पडवीत गेला तेव्हा ती दाराआडून बघत राहिली. त्याने रांजणाला एक चक्कर मारली, झाकणावर थाप दिली, खाली वाकला, आणि काही न बोलता आत येऊन जेवायला बसला. तिने मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. चार दिवस तो मोबाइल बघत घरातच पडून होता. फैजल दोनदा येऊन गेला, गाळा बघायला चल म्हणाला, तर याचं आज डोकं दुखे, उद्या पोट. रांजणाजवळ तो पुन्हा फिरकला नाही. दमलाय बिचारा, असं ती अब्बासला सांगायची आणि स्वतःलाही.

रविवारी दुपारी फैजलच्या समोर रांजण पेटवायचा असं ठरलं. सकाळी नूरबानो शेंगा निवडायला बसली, पण हात चालेनात. नावेद पडवीत कोळशाचं पोतं उघडत होता. तो वाकलाय, झाकण उचलतोय, आणि तेवढ्यात... हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. सांगितलं तर तो जाईल, आणि नाही सांगितलं तर त्याचा चेहरा भाजेल. शेंगांची परात बाजूला सारून ती उठली.

"नावेद, थांब. ह्यो फुटलाय." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. पोपटी, कोळसे, तांब्याभर पाणी, दत्तूभाऊ, सगळं एका दमात सांगून टाकलं. "पण पक्का जोडलाय. सात वेळा पेटवून बघितलाय. धूर नाय, काय नाय. तू फक्त जपून ऱ्हा. पण त्याच्यापायी जाऊ नको रे."

नावेदने हातातला कोळसा पोत्यात टाकला. "मला आल्या दिवशीच कळलं, अम्मी. ह्याला दोनच पट्ट्या असतात. मी असे नऊ वापरलेत."

"मग बोलला का नायस?"

तो पोत्याच्या तोंडाची सुतळी बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "आधी वाटलं, बरं झालं. फुटला म्हणून सांगावं आणि परत जावं. मग वाकून बघितलं तर असा काय जोडलाय त्याने, वीस वर्षं काय व्हायचं नाय. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

नूरबानोला पहिल्यांदा कळलंच नाही.

"फोनवर तू रडायचीस. एकदा मी येतो म्हटलं, मग फैजलने नोकरीच सोडली. रांजण पाठवला तेव्हा खरंच यायचं होतं, अम्मी, खोटं नाय सांगत. पण जसजसा दिवस जवळ आला तसा जीव घाबरायला लागला. तिथं मला जमतं. सफाचं सगळं तिथं हाय. इथं येऊन चार दिवस झाले, मला झोप नाय. रिटर्न तिकीट हाय माझं. पुढच्या गुरुवारचं."

बावीस दिवस ती जे जोडायला धडपडली ते तिच्या पोराला मोडलेलंच हवं होतं. तिला राग आला, फार आला. दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. पण समोर तेहतीस वर्षांचा बाप्या सुतळीशी चाळा करत उभा होता, सहावीत नापास झाल्यावर उभा होता तसाच, आणि त्या रागाखालून तिला रडूच यायला लागलं. तिने पदर तोंडाला लावला आणि परत शेंगांपाशी जाऊन बसली. नावेद मागोमाग आला नाही.

फैजल आला तो दारातूनच बोलत. सोबत मसाल्याचे डबे, बोर्डाचे फोटो आणि कोण कोण पाहुणे बोलवायचे त्याची यादी. "चल रे भावा, पेटव. आज मुहूर्त करून टाकू."

नावेदचा चेहरा पांढरा पडला. तो बोलायला एक पाऊल पुढे आला. नूरबानोने ते पाहिलं. आता हा बोलला तर फैजल आयुष्यभर त्याला माफ करणार नाही, हेही तिला दिसलं.

"नको पेटवू," ती म्हणाली. "रांजण गेला, फैजल. माझ्या हातनं फुटला. मी तापलेल्यावर पाणी ओतलं."

अब्बास खाटेवरून अर्धवट उठला. "अगो पण तो दत्तूने..."

"तुम्ही गप ऱ्हावा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "वरनं रंग मारलाय, आतनं गेलाय. धंद्याच्या कामाचा नाय ऱ्हायला. दुसरा कुठनं आणायचा? नावेद तरी काय करणार? त्याला परत जाणंच भाग हाय."

फैजल डबे तसेच छातीशी धरून उभा होता. "पाणी ओतलंस?" तो म्हणाला. "फुफी, तापलेल्या मातीवर पाणी ओतलंस? मी नोकरी सोडून बसलोय, तुला म्हायती होतं ना?" मग तो खूप बोलला. वयाचं, नात्याचं काही भान ठेवलं नाही. अडाणीपणा, हावरेपणा, कोळशाच्या चार तुकड्यांसाठी दोन घरं बुडवलीस, सगळं काढलं. नूरबानो मान खाली घालून शेंगा मोडत ऐकत राहिली. मधूनच ती म्हणे, "व्हय रे, चुकलं माझं."

एकदा तिने मान वर करून नावेदकडे पाहिलं. तो खांबाला टेकून उभा होता. तो आता बोलेल, नाय, अम्मीचं नाय, माझं मन नव्हतं, एवढं तरी म्हणेल, असं तिला एक क्षण वाटलं. नावेदने नजर खाली वळवली, आणि फैजलला म्हणाला, "जाऊ दे रे. म्हातारी हाय. तिला काय कळतं?"