उजव्या बाजूचं काम

पिन निघत नव्हती. करंगळीच्या नखाहून थोडी मोठी, गंजून तपकिरी झालेली, दोन्ही पाय फाकून नटाच्या खाचेत बसलेली, आणि गुरुराज मेस्त्री दहा मिनिटं पक्कड घेऊन तिच्या मागे लागला होता. राजलक्ष्मी त्या पिनेकडे बघत होती. बघण्यासाठीच तर तिला इथे बसवलं होतं. "समोर बस, हलू नकोस," सकाळी अण्णा म्हणाला होता, "आपली नजर चुकली की हे लोक नव्याच्या जागी जुनंच घालतात." म्हणून शिवाजीनगरच्या त्या कानडी पाट्यांच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली, ती स्टुलावर बसली होती, मांडीवर नव्या बॉल जॉइंटचं खोकं, समोर जॅकवर उचललेली अण्णाची पिकअप, आणि तिचं काढून बाजूला ठेवलेलं उजवं चाक.

अण्णा म्हणजे प्रतापराव, तिचा थोरला भाऊ. येलहंक्यात त्याचा शामियान्याचा धंदा – खुर्च्या, सतरंज्या, भांडी. ही पिकअप नऊ वर्षं तिचा नवरा नरसिंहराव चालवत होते. नरसिंहरावांचा कारखाना बंद पडला तेव्हा अण्णानंच बोलावून घेतलं होतं... मेहुणा म्हणून नव्हे, घरचा माणूस म्हणून, असं तो सगळ्यांना सांगायचा. वैशाखात एका लग्नाच्या खुर्च्या घेऊन जाताना गाडी रस्ता सोडून चिंचेवर आदळली. नरसिंहरावांचं खुब्याचं हाड मोडलं. चार महिने झाले, अजून कुबड्यांशिवाय उभं राहता येत नाही. डाव्या बाजूचा सगळा चुराडा झाला होता, ती तेव्हाच नवी बसवून घेतली. उजवी तशीच राहिली. आणि परवा नव्या ड्रायव्हरनं, रणजीत नावाच्या त्या पोरगेल्या माणसानं, कामाच्या पहिल्याच दिवशी चावी टेबलावर ठेवली : पुढून आवाज येतो, मी नाही चालवणार. दोन दिवसांत अण्णानं काम काढलं. दोन दिवसांत...

"बंतु," गुरुराज म्हणाला. पिन आली होती. नट सैल करून त्यानं बाजूला हातोड्याचे तीन-चार दणके दिले, सांधा सुटला, आणि काळ्या वंगणानं माखलेला तो तुकडा घेऊन तो तिच्यासमोर उकिडवा बसला. वरचं रबर फाटून चिंध्या झालं होतं. त्यानं दोन बोटांनी वरची दांडी धरून हलवली, तर ती हिरडी सुटलेल्या दातासारखी लटलट हलली.

"बघा अक्का," तो कानडीत म्हणाला, "ही हलता कामा नये. हात दुखेल इतकी घट्ट पाहिजे. चाक यावरच उभं असतं. हे निसटलं की चाक आडवं होतं, मग देव जरी स्टिअरिंग धरून बसला तरी गाडी वळत नाही."

"ही बाजू अशी," ती म्हणाली, "तर मग ती दुसरी..."

"ती याहून वाईट होती. उगादीच्या आधीच मी मालकांना सांगितलं होतं, दोन्ही बदला म्हणून. ते म्हणाले, सीझन होऊन जाऊ दे, स्वल्प ग्रीस मारून दे." त्यानं चिंधीनं हात पुसले. "तो जुना ड्रायव्हर होता ना, वयस्कर, चष्मेवाला? तो दोनदा गाडी घेऊन आला होता. मला शेजारी बसवून रस्त्यावरच्या खड्ड्यांतून न्यायचा आणि म्हणायचा, ऐक, गुरुराज, ऐक. फार चांगला कान होता त्याचा. आता कुठे असतो कोण जाणे."

तो माझा नवरा – हे तीन शब्द तिच्या जिभेवर येऊन तिथेच थांबले. ती कोण आहे हे या माणसाला ठाऊक नव्हतं. मालकांची बहीण, एवढंच. तिनं खोकं उघडून नवा बॉल जॉइंट त्याच्या हातात दिला आणि तो गाडीखाली सरकला.

अपघातानंतर वॉर्डात त्यांच्या उशाशी बसले होते मी. सलाईन चालू होतं, त्यांचा चष्मा फुटला होता, म्हणून ते माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूलाच बघत बोलत होते. "अगं, मी जागा होतो. स्टिअरिंग फिरत होतं, चाक ऐकत नव्हतं." पहिल्या दिवशी हेच, दुसऱ्या दिवशी हेच. आणि बाहेर व्हरांड्यात अण्णा हळू आवाजात सगळ्यांना सांगत होता : दाजींना डुलकी लागली, दोन रात्रींचं जागरण, त्यांना तरी काय बोलणार. किती समजूतदारपणे सांगत होता... डॉक्टरांच्या मागे तोच धावत होता, रक्त त्यानंच दिलं होतं. तिसऱ्या दिवशी मीच म्हणाले त्यांना. "लागली असेल हो डुलकी. माणसाला कळतही नाही. गाडीला दोष देत बसलात तर अण्णाला काय वाटेल? एकदा चुकलं म्हणा, विषय संपेल." ते माझ्याकडे बघत राहिले – की बाजूला? चष्मा नव्हता. संध्याकाळी अण्णा आला तेव्हा सुईची पट्टी लावलेला हात त्यांनी दुसऱ्या हाताला जोडला आणि म्हणाले, "चुकलं, प्रतापराव." अण्णाचे डोळे भरून आले. त्यानं ते हात धरले. आणि मला – हे आता आठवू नये, पण आठवतंय – मला किती हलकं वाटलं होतं. त्या रात्री वॉर्डाच्या फरशीवर मी गाढ झोपले.

"सरी, झालं," गुरुराज गाडीखालून म्हणाला.

दुपारी अण्णा रिक्षानं आला. त्यानं चाक हलवून पाहिलं, गुरुराजच्या पाठीवर थाप मारली, तिच्यासाठी कोपऱ्यावरून कॉफी मागवली. ती प्यायलीही. मग अण्णा स्वतः गाडी चालवायला बसला, ती शेजारी. मेखरी सर्कल मागे पडेपर्यंत तो कुठल्याशा मुंजीच्या मांडवाबद्दल बोलत होता.

"बघ, कशी लोण्यासारखी चालते."

"अण्णा," ती म्हणाली, "उगादीलाच बदललं असतं तर?"

त्यानं हॉर्न वाजवला; समोर कुणी नव्हतं.

"मेस्त्री बोलला वाटतं."

"खरं आहे का?"

"राजी, लग्नसराई तोंडावर होती. गाडी उभी करून कसं भागलं असतं? या गाड्या अशाच चालतात, वर्षानुवर्षं चालतात." मग आवाज मऊ करून, लहानपणी तिची वेणी ओढल्यावर समजूत घालायचा तसा, म्हणाला, "आणि दाजींनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय ना? तूच होतीस तिथे."

तो खोटं बोलत नव्हता. तीच होती तिथे.

घरी नरसिंहराव ओसरीवर बसले होते, कुबड्या भिंतीला टेकवून, परातीत वालाच्या शेंगा सोलत. हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. ती चपला काढत असताना त्यांनी मान वर केली.

"गुरुराजकडेच गेली होतीस?"

"हो."

"चांगला माणूस आहे." आणि ते पुन्हा शेंगांकडे वळले.

ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. रस्ताभर तिनं वाक्यं जुळवली होती – मला आज कळलं, तुम्ही खरं बोलत होता... पण कुणाला कळलं? ते तर जागे होते. चिंच जवळ येताना उघड्या डोळ्यांनी त्यांनी पाहिली होती. हात जोडले तेव्हाही त्यांना सगळं ठाऊक होतं, अण्णालाही ठाऊक होतं. वॉर्डातल्या त्या तिघांत नवी बातमी होती ती तिला एकटीलाच, आणि तीही चार महिन्यांनी, परक्या माणसाच्या तोंडून. चार महिने तिला वाटत होतं की चुकलेल्या नवऱ्याला आपण सांभाळून घेतोय. एका शब्दानं टोचलं नाही, किती मन मोठं केलं... आणि ते हे मोठं मन रोज बघत होते. जेवताना, न्हायला पाणी काढून देताना, कुशीवर वळवताना.

बाहेर परातीत शेंगांचे दाणे पडत होते, सावकाश, एकसारखे. बाहेर जाऊन त्यांच्या पायाशी बसावं, असं तिला वाटायला हवं होतं. रडू यायला हवं होतं. पण छातीत जे दाटून आलं ते रडू नव्हतं. तो राग होता, आणि ती चकित होऊन त्याच्याकडे बघत राहिली, कारण तो अण्णावर नव्हता. त्यांच्यावर होता. एकदा सांगितलंत, दोनदा सांगितलंत – तिसऱ्यांदा का नाही ओरडलात? माझ्यासाठी हात का जोडलेत? ...आणि हेही तिला कळत होतं की हा राग ओलांडून त्या माणसापर्यंत पोचण्याची वाट आज तरी तिच्याजवळ नाही.