नीरजाची जोडटाकी

नीरजाच्या मोटरसायकलला सीट नव्हती. देवासच्या त्यांच्या कॉलनीत ती गाडी पहिल्यांदा उतरली, तेव्हा शेजारच्या काकूंनी "बाकीची गाडी मागून येणार आहे का?" असं विचारलं होतं. तिचा नवरा शंतनू हसला होता खरा, पण त्याच्याही मनात तेच आलं होतं.

ट्रायल्स स्पर्धेची गाडी तशीच असते. दगडधोंड्यांवरून, नाल्यातून, उभ्या चढावरून ती उभ्यानेच चालवायची. वेगाला तिथे किंमत नाही. अवघड टप्प्यात पाय जमिनीला टेकला की गुण गेला, आणि ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर दंड, एवढाच हिशेब. म्हणून गाडी हडकुळी, आणि पेट्रोलची टाकी जेमतेम दोन लिटरची. नीरजा एका खासगी आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवायची. इंदूरच्या एकाकडून ही जुनी परदेशी गाडी तिने घेतली, आणि इंजिन स्वतः उघडून पुन्हा बसवलं. शंतनू विमा कंपनीत होता. स्कूटर पंक्चर झाली तरी तो कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला "भिया, जरा येता का?" म्हणून फोन लावायचा.

धारची ट्रायल जाहीर झाली तेव्हा मात्र तो कामाला लागला. तिथली वाट सत्तरेक किलोमीटरची. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरायचं आणि दुसऱ्या बाजूने वर यायचं. वाटेत पंप नाही, आणि बाहेरच्या कुणी वाटेत पेट्रोल किंवा दुसरं काही हातात दिलं तर स्पर्धक बाद. दोन लिटरमध्ये नीरजा उताराच्या तोंडापर्यंत गेली असती, बस.

म्हणून जोडटाकी. पहिल्यांदा त्यांनी प्लॅस्टिकची बाटली पट्ट्याने बांधून पाहिली. ती कॉलनीच्या फाटकापर्यंतही टिकली नाही. मग औद्योगिक वसाहतीतल्या एका वेल्डरकडून ॲल्युमिनियमची चपटी टाकी करून आणली. जिथे सीट असायला हवी होती तिथे ती अगदी आयती बसली. फक्त नीरजा चढावर मागे झुकली की टाकीची कड मांडीला लागायची. पुन्हा खोलणं आलं, पट्ट्या कापून टाकी बोटभर खाली घेणं आलं. टाकीखालून नळी, नळीला कॉक, आणि पुढे मुख्य टाकीच्या नळीला जोड. मुख्य टाकी संपली की कॉक फिरवायचा. शंतनू पाना धरायचा, नट हरवायचा, शोधून द्यायचा. दोन-तीन रविवार असे गेले, आणि लग्नानंतरच्या सात वर्षांत आपण इतका वेळ एकाच कामाला एकत्र बसलो नव्हतो, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

ट्रायलच्या सकाळी धारबाहेरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये सगळे जमले. शंतनूने भाड्याचा छोटा हत्ती टेम्पो स्वतः चालवत गाडी तिथवर आणली होती. नीरजा नंबर घ्यायला निघाली आणि जाताना म्हणाली, "जोडटाकी भरून ठेव. ऑइल मिसळलेल्या कॅनमधून. दुसऱ्यात साधं आहे, लागलं तर मिसळायला. ते उरलं तर स्कूटरला होईल."

"माहितीये मला," शंतनू म्हणाला.

त्याने भरली. शेजारी उमाशंकर उभा होता. तो आयोजकांपैकी एक. निसरपूरचं घर धरणाच्या पाण्यात गेल्यावर त्याचे वडील धारला आले, तेव्हापासून तो इथलाच. त्याने पोह्यांची प्लेट पुढे केली आणि टाकीकडे बघून विचारलं, "ये जुगाड किसका है, भिया?"

"हमारा," शंतनू म्हणाला, आणि मग पाच मिनिटं त्याला जोडटाकी समजावून सांगत राहिला. आजूबाजूचे दोघं-तिघं पण वाकून बघू लागले. नीरजा आली, टाकीचं झाकण उघडून आत बघितलं, आणि गाडीशी खुटखुट करत राहिली. मग हेल्मेट घालून निघून गेली.

ती गेल्यावर बऱ्याच वेळाने शंतनूने सामान आवरायला घेतलं. एक कॅन उचलला. तो गळ्यापर्यंत भरलेला. दुसरा हलका. हलक्यातलं थोडं पेट्रोल त्याने बोटांवर घेऊन चोळलं. घरी नीरजाने एकदा दाखवलं होतं, ऑइल असेल तर बोटं तेलकट राहतात. त्याची बोटं क्षणात कोरडी झाली.

त्याने भरलेल्या कॅनमध्ये बोट बुडवलं. ते तेलकट होतं.

म्हणजे जोडटाकीत साधं पेट्रोल गेलं होतं. असल्या इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. ते नसेल तर पिस्टन तापतो, घासतो आणि धरून बसतो. आणि तो उतारावर धरून बसला तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं. हे सगळं नीरजानेच त्याला कधीतरी जेवताना सांगितलं होतं, आणि त्याने नुसतं हं हं केलं होतं.

त्याने तिला फोन लावला. लागला नाही. उमाशंकरकडे जाऊन सगळं सांगितलं. उमाशंकरने वाटेत खाली उभ्या केलेल्या आपल्या माणसांना फोन लावले, तेही लागले नाहीत.

"घाट में नेटवर्क नहीं रहता, भिया," तो म्हणाला. "पर घाट के नीचे रास्ता डामर रोड काटता है. चाय की गुमटी है. वहाँ पकड़ लो."

"और मैंने उसे ऑइल दिया तो?"

उमाशंकर म्हणाला, "तो फिर बाहर हो जाएँगी वो."

शंतनूने ऑइलची बाटली खिशात घातली आणि छोटा हत्ती घाटाकडे काढला. बाद झाली तर झाली. ती काय म्हणेल ते नंतर ऐकून घेता येईल. वळणा-वळणावर त्याला उताराला आडवी पडलेली नीरजाची लाल गाडी दिसत होती, आणि दर वेळी तो एखादा दगड नाहीतर पळसाचं झुडूप निघत होतं.

चहाच्या त्या टपरीवजा गुमटीपाशी तो रस्त्याच्या मधोमधच जाऊन उभा राहिला. एकेक स्पर्धक झाडीतून बाहेर यायचा, डांबर ओलांडून पलीकडे दिसेनासा व्हायचा. नीरजाच्या मागच्या नंबराचे दोघं येऊन गेले. मग इंदूरचा राजवीर आला. तो तिला ओळखायचा. शंतनूला बघून त्याने गाडी हळू केली.

"दीदी पीछे रुकी हैं," तो म्हणाला. "गाड़ी बंद थी. मैंने पूछा तो बोलीं, तुम जाओ."

"गिरी क्या?"

"नहीं नहीं. खोल के बैठी थीं कुछ."

पडली नव्हती. शंतनू रस्त्याकडेच्या दगडावर बसला. पण इंजिन गेलं होतं. तिने स्वतःच्या हाताने रिंगपासून बसवलेलं इंजिन, आणि त्याने ते एका प्लेट पोह्यांच्या नादात संपवलं. गुमटीवाल्याने न विचारताच चहा आणून ठेवला. तो तसाच थंड झाला.

आणि मग झाडीतून तो आवाज आला, कॉलनीतल्या काकूंना नको असलेला, पत्र्याच्या डब्यात खडे खळखळावेत तसा. नीरजा उभ्यानेच डांबरावर आली. तो दोन्ही हात हलवत धावला.

"काय झालं? आईला काही झालं का?" तिने थांबून पहिलं तेच विचारलं.

"नाही, नाही. तू कॉक फिरवलास का? जोडटाकीवर आलीस का?"

"केव्हाच फिरवला. का?"

"त्यात साधं आहे, नीरजा. मी चुकीच्या कॅनमधून भरलं."

नीरजाने हेल्मेटची काच वर केली. "माहितीये. मी निघताना बोट लावून बघितलं. कोरडं लागलं, म्हणून माझ्या बाटलीतलं ऑइल मोजून टाकलं आणि गाडी हलवून घेतली."

शंतनूला हसू आलं, आणि मागोमाग रागही. "मग मला सांगायचं ना!"

"सांगणार होते. पण तू त्या सगळ्यांना टाकी दाखवत होतास. इतका खूश होतास की म्हटलं, जाऊ दे, घरी गेल्यावर सांगू."

"मग गाडी बंद का पडली? राजवीर म्हणाला."

नीरजाने पहिल्यांदाच नजर चुकवली. "ते माझं. निघताना मी रेनकोट जोडटाकीवर बांधला ना, त्याच्या पट्ट्याखाली झाकणाची हवेची नळी दबली. हवा आत जाईना, पेट्रोल खाली येईना. मी आधी सगळा कार्ब्युरेटर खोलून बसले. मग पट्टा सोडला तर सुस्स करून हवा गेली आत, आणि एका किकमध्ये चालू."

"म्हणजे टाकी नीट चालली?"

"उत्तम चालली. आता बाजूला हो, माझा वेळ जातोय. आणि खिशातली ती बाटली बाहेर काढू नकोस, तिकडून तो आयोजकांचा माणूस बघतोय."

ती गेली. शंतनूने नवा चहा मागवला आणि तो गरम असतानाच प्यायला. सोबत शेवही घेतली. वर आभाळ स्वच्छ होतं, समोर गुमटीवाल्याची बकरी छोट्या हत्तीच्या सावलीत बसली होती, आणि बऱ्याच वेळानंतर त्याचा श्वास पोटापर्यंत जात होता.

संध्याकाळी निकालात नीरजाचा नंबर मधेच कुठेतरी होता. थांबलेल्या वेळेचा दंड बसला होता. तिला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. पार केलेला प्रत्येक चढ ती उमाशंकरला हातांनी काढून दाखवत होती, आणि उमाशंकर "अरे वा" म्हणत होता.

गाडी दोरीने बांधून ते देवासकडे निघाले. बेटमाच्या अलीकडे शंतनू म्हणाला, "पुढच्या वेळी तिथल्या तिथे सांग. सगळ्यांसमोर सांगितलंस तरी चालेल."

"नक्की?"

"नक्की. आज जे झालं त्यापेक्षा ते बरं."

"बरं," नीरजा म्हणाली. तिने बूट काढून पाय वर घेतले, डोकं खिडकीला टेकलं, आणि इंदूर यायच्या आत तिला गाढ झोप लागली. शंतनूने रेडिओचा आवाज कमी केला आणि खड्डे चुकवत छोटा हत्ती सावकाश चालवत राहिला.