लॅव्होनच्या टिक्क्यांची जागा

आमच्या चर्चच्या तळघरात एक लांब टेबल आहे, आणि सुगीच्या जेवणाला त्यावर घरून आणलेलं कुणाचं भांडं कुठे, हे बायबलपेक्षा पक्कं ठरलेलं आहे. हॅमच्या शेजारची जागा लॅव्होनची. तिच्या ग्रेव्हीतल्या बीफच्या टिक्क्या तीस वर्षं तिथेच असायच्या. गेल्या हिवाळ्यात लॅव्होन गेली. मी मनापासून रडले, आणि दफनाहून परतताना मनात आलं की आता तिथे माझे चीजचे बटाटे शोभतील. माणूस असाच असतो, निदान मी तरी आहे.

पण यंदाच्या जेवणाच्या रविवारी सकाळी आठलाच तिचा नवरा, हार्लन, तिचा हिरवा स्लो कुकर, तासन्‌तास मंद शिजवणारं ते विजेचं भांडं, पोटाशी धरून जिना उतरला. जन्मात कधी अंडं न उकडलेला माणूस!

"लॅव्होनच्या जागी लॅव्होनच्याच टिक्क्या," तो म्हणाला. "चालेल ना?"

"अरे, न चालायला काय झालं!" आर्डिस म्हणाली. ती आमच्या स्वयंपाक समितीची प्रमुख. त्याने कुकर लावला, बटण फिरवलं आणि तो वर गेला. लगेच ती माझ्या कानाशी आली. "या वर्षी चालवून घेऊ, मार्लिस. बिचारा आहे. पण भांडं भरलेलं परत गेलं, तर पुढच्या वर्षी जागा तुझी."

झाकण उघडलं की वाफ जाते आणि शिजणं वीस मिनिटं मागे पडतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी फक्त एकदाच उघडलं. ग्रेव्ही पाणचट दिसली, म्हणून थोडं मीठ टाकलं. लॅव्होनच्या कुकरमध्येही दरवर्षी टाकायचे. तिच्या टिक्क्यांचं जे कौतुक व्हायचं त्यातलं अर्धं माझं होतं, पण मी कधी बोलून दाखवलं नाही. माझ्यामागून आर्डिस कांद्याच्या सूपचं पाकीट घेऊन कुकरकडे गेली. पुढे प्रवचन चालू असताना हात धुवायच्या निमित्ताने आणखी सातजणी खाली जाऊन आल्या.

हार्लनने शेवटचं स्तोत्र शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं. लॅव्होन कधी तोपर्यंत थांबायची नाही. ते स्तोत्र सुरू झालं की डोळ्यांना रुमाल लावून बाहेर पडायची. फार हळवी बाई, असं आम्ही म्हणायचो.

खाली येऊन हार्लनने सगळ्यांसमोर झाकण काढलं आणि चमच्याने एक टिक्की मोडली. आत गुलाबी, कच्ची.

"वास छान येतोय," आर्डिस म्हणाली.

"काहीतरी वेगळंच केलंस हं," मी म्हणाले. आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

त्याचा चेहरा असा पडला की मला माझीच लाज वाटली. खरं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर त्या आठजणी माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड मिटलं.

"थांबा हं, मीच काहीतरी विसरलोय." त्याने खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला. त्याला मनात वाचता येत नाही.

"'हार्लन, खाण्याचा कुकर घरी रात्रभर शिजव आणि टॉवेलात गुंडाळून गाडीत ठेव. तळघरातला बायकांना झाकण उघडायला. शेवटच्या स्तोत्राला कुकर गुपचूप बदल. तळघरातलं कुत्र्याला घालू नकोस, मार्लिस मीठ फार टाकते.'"

"स्तोत्राच्या नादात राहिलंच बघा," म्हणत तो गाडीकडे गेला आणि तसलाच दुसरा हिरवा कुकर घेऊन आला.

मला लॅव्होनचा भयंकर राग आला, आणि तितकीच तिची आठवण आली. माझे बटाटे मी आपणहून टेबलाच्या टोकाला सरकवले आणि ताट घेऊन रांगेत उभी राहिले.

टिक्क्या दोनदा वाढून घेतल्या. मीठ अगदी बरोबर होतं.