आईची बडदास्त

छातीत कफ दाटला म्हणून आईला दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसाला आपलं आपण उठता-बसता येईल का, याचा अंदाज त्या आधीच बांधत. ज्यांची आशा असेल त्यांना रोज चालवायला माणूस येई. तो एकच, आणि वॉर्ड गच्च भरलेला.

"आजारापूर्वी आजी स्वतःचं स्वतः करायच्या का?"

स्वतःचं कसलं, सगळं घरच या बाईच्या जिवावर चालायचं. चहा, डबे, धुणीभांडी, बाजारहाट! मुलगा-सून आयत्या ताटावर. पण शेजारच्या खाटेभोवती नातेवाइकांचा गोतावळा कान टवकारून बसलेला. मुलाची छाती फुगली.

"छे हो! आईला आम्ही इकडची काडी तिकडे करू देत नाही."

"अंघोळसुद्धा मीच घालते," सुनेने री ओढली.

धादांत खोटं! आई बोलणारच होती. नळी नाकात होती, जीभ शाबूत होती. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "नशीबवान आहात हो!" आणि आईला, काय सांगावं, बरं वाटलं. ती गप्प राहिली.

"आधीपासूनच परावलंबी आहेत म्हणजे. मग पुढे कठीणच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चालवणारा माणूस रोज यायचा तो शेजारच्या बाईकडे. आई पडेल म्हणून तिला खाटेवरून उतरायची बंदी, भांडंही खाटेवरच. मग अंदाज खोटा ठरायची सोयच कुठे होती? घरी आणलं तेव्हा पायांत जीव नव्हता.

आता भेटायला येईल त्याला मुलगा सांगतो, "डॉक्टरीण भलती हुशार! पहिल्याच भेटीत म्हणाली होती, पुढे कठीण आहे म्हणून."

एकदा पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "अरे, तिला खरं का नाही सांगितलंस? चालले असते रे मी."

"एवढ्या लोकांत? म्हातारी आई घरात राबते म्हणून सांगू? आणि तू तरी कुठे तोंड उघडलंस?"

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली तिला. पण त्याचं म्हणणं खरं होतं, आणि तेच जास्त झोंबलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

डायपर ओला झाला होता. तिने सांगितलं. मुलाने बायकोला हाक मारली. बायको म्हणाली, "आई तुमची आहे, तुम्ही बदला." दोघांचं बराच वेळ ठरेना, आणि आई तशीच पडून ऐकत राहिली.