धागा कुठे वाकतो

“हितं बग बाय, हितं धागं वाकलंत,” भिंगाखालच्या फोटोवर नख टेकवत केसरीनाथ म्हणाले.

क्षितिजा उडालीच. तो फोटो तिनंच मुंबईच्या प्रयोगशाळेत काढलेला. चुंबकी थरावरून केसाहून बारीक चुंबकी सुई फिरवली की असे काळे-पांढरे पट्टे उमटतात. वर्षभर ती तेच पट्टे मोजत होती. त्यात बाक असता तर तिला दिसला नसता?

शुक्रवार, आठवड्याच्या सुट्टीचा वार होता. भिवंडीतले लूम बंद, त्यामुळे टेमघरच्या घरात केसरीनाथांना भलतंच रिकामपण आलं होतं. धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात ते सव्वीस वर्षं कापड तपासत होते. मुलगी पीएचडी करते म्हणजे नक्की काय करते, हे आज समजून घेतल्याशिवाय ते उठणार नव्हते. सुई झिजते का, सुईला कोण धार लावतं, शंका काही संपत नव्हत्या.

“सुई बी चुंबक, थर बी चुंबक. मंग फोटू कोनाचा?”

“दोघांचा मिसळून येतो, बाबा. सुईची जी खोड असते ती प्रत्येक फोटोत उतरते. ती ओळखायची आणि गणितानं वजा करायची, हेच माझं काम.”

“वलखायची कशी?”

“नमुना फिरवून परत फोटो काढायचा. डाग नमुन्याबरोबर फिरला तर नमुन्याचा. जागचा हलला नाही, तर सुईचा.”

केसरीनाथ खूश झाले. हे तर त्यांच्याच धंद्यातलं निघालं. त्यांनी लगेच फोटो आडवा केला आणि उजवा डोळा भिंगाला लावला.

“बाक तितंच हाय. हालला नाय. म्हंजे सुईचाच!”

क्षितिजा हसायला लागली. “अहो, सुई प्रयोगशाळेत राहिली. हा छापलेला कागद आहे. कागद फिरवला की सुईचा डागसुद्धा फिरणार.” बोलता बोलता तिचं हसू थांबलं. तिनं भिंग उचलून स्वतः पाहिलं. पट्टे सरळ होते.

केसरीनाथांनी भिंग घेतलं, गोल फिरवलं, पुन्हा पाहिलं. बाक जागच्या जागी.

“कागद फिरवला. भिंग फिरवलं,” ते हळू बोलले. “आता ऱ्हायलं कोन?”

तिनं त्यांच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला. “आता डाव्यानं बघा.”

पट्टे सरळ झाले.

ते आत गेले आणि पिशवीतून हातभर कापड घेऊन आले. त्यांच्या कारखान्यातला विणकर रामनाथ, त्याच्या लूमवरचं. बारीक सुताचा माल त्याच्याच दोन लूमवर निघायचा आणि भिंग त्याच मालाला लागायचं. महिनाभर केसरीनाथ त्याची थानं नापास करत होते. लूमची फणी बदलली, सुताचा बीम बदलला, रामनाथनं मुलांच्या शपथा घेतल्या, तरी धागे वाकडेच. उद्या हा तुकडा शेठला दाखवायचा, की अकरा वर्षं कामावर असलेला कारागीर घरी जाणार होता.

त्यांनी डाव्या डोळ्यानं कापड पाहिलं. पोरानं सुंदर विणलं होतं.

“आधी डॉक्टरांना दाखवू, बाबा. सांगायचं नंतर बघू. तुमची नोकरी जाईल.”

“तवर त्याची जाल ना!” ते खेकसले. भीती वाटत होतीच, पण लाज जास्त वाटत होती.

शनिवारी सकाळी भाविकशेठ तपासणीच्या टेबलापाशी उभे होते. रामनाथ डबा घेऊन कोपऱ्यात.

“काका, दाखवा तुकडा.”

“कापड बराबर हाय, शेठ. वाकडा हाय तो माजा डोला.” लूमच्या खडखडाटात कोणाला ऐकू गेलं नाही असं वाटून ते पुन्हा ओरडून म्हणाले. मग रामनाथकडे वळले. “महिनाभर तेरेको झूठा ठहराया मैंने. गलती मेरी.”

रामनाथ चटकन विरघळला नाही. “गाँव तक बात चली गयी, चाचा,” एवढंच म्हणाला. शेठ छताकडे बघत राहिले.

टेबलावर सकाळचं पहिलं थान पडलं होतं, रामनाथच्याच लूमवरचं. जवळ पासची चिठ्ठी आणि पेन. मग केसरीनाथांनी भिंग रामनाथपुढे सरकवलं.

“तू देख.”

रामनाथनं डबा खाली ठेवला. इकडून तिकडून, चांगला वेळ घेऊन पाहिलं. “सीधा है.”

“मंग लिख.”

त्यानं चिठ्ठीवर ‘पास’ लिहिलं. केसरीनाथांनी पेन घेतलं आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, थान न बघता, खाली सही केली.